न पोचलेली कळ

वास आधी प्रज्ञाला आला. लग्नाच्या स्वयंपाकात न बसणारा वास होता तो. तळणाच्या, वेलदोड्याच्या आणि ओलसर लाकडाच्या धुराच्या खालून सरपटत आलेला, केस जळावेत तसा, चामडं शेकावं तसा. केडगावच्या पुढं, पुण्याच्या रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयामागं पत्र्याची शेड होती आणि तिथं आबा बुंदी पाडत होते. एका हातात झारा, दुसऱ्या हातात पिठाचा वाडगा, बनियन पाठीला चिकटलेलं, कमरेला गुंडाळलेला टॉवेल पोटाच्या घेराखाली घसरलेला. ती त्यांच्यासाठी डबा घेऊन आली होती, कारण दुसऱ्यांच्या लग्नात शेकडो माणसांना जेवू घालणारे आबा स्वतः त्या जेवणातलं काही खात नसत. डबा हातातच राहिला. तिनं खाली पाहिलं. आबांच्या अनवाणी पायाखाली, करंगळीच्या बाजूला, भट्टीतून उडालेला निखारा दबलेला होता. त्याच्यातून बारीकसा धूर निघत होता, आणि आबा एका लयीत झारा आपटत होते.

"आबा, पाय."

"काय झालं पायाला?"

"निखारा आहे. पायाखाली."

आबांनी खाली पाहिलं. शेजारच्या माणसाचा पाय पाहावा तसं. मग त्याच पायानं निखारा भट्टीकडं लोटला. "पडला आसंल," म्हणाले, आणि झाऱ्यात पुढचं पीठ ओतलं.

रंभाजीकाका कांदा चिरत बसले होते. आबांबरोबर कामाला लागले तेव्हा दोघांनाही मिसरूड फुटलं नव्हतं. "आगं, तुझ्या बापाला विस्तव वळखतो," ते म्हणाले. "घरचा मानूस म्हनून चावत न्हाई."

"तुला बी वळखतो त्यो," आबा म्हणाले. "गेल्या साली कढईचा कान धरला अन् पार मांडवापर्यंत बोंबलत गेल्ता. नवरीला वाटलं, वरात आली."

सगळे हसले. पुऱ्या लाटणाऱ्या बायका हसल्या, भट्टीत लाकूड सारणारा तिचा धाकटा भाऊ अमृत हसला, आणि प्रज्ञाही हसली. त्यानंतरच्या दिवसांत तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते हे हसू. ते खोटं नव्हतं. तिच्या पोटातून आलं होतं. भीमराज आचाऱ्याला विस्तव लागत नाही, हे शेवगावपासून नेवाशापर्यंत मांडवामांडवात सांगितलं जाई. उकळत्या पाकात दोन बोटं घालून ते तार बघत. लोक मोबाईलवर त्याचं शूटिंग करत. ती स्वतः एका कॉलेजात ग्रंथपाल होती, गावातल्या त्यांच्या वस्तीतून इतकं शिकलेली पहिली मुलगी. पण नव्या ओळखीच्या माणसाला घरचं काही सांगायची वेळ आली की ती डिग्रीचं न सांगता हेच सांगे. माझ्या वडिलांना विस्तव लागत नाही.

जेवायला आबा शेडबाहेर, बारदानावर बसले. ज्वारीची भाकरी, मेथी, पातळ रस्सा. अर्धी भाकरी खाऊन त्यांनी ताट सरकवलं. "पित्त झालंय," म्हणाले. कपाळावरून, कानामागून घाम वाहत होता. पण भट्टीवरून उठलेल्या माणसाचा घाम कोण मोजणार? तिनं विचारलं, गोळ्या घेतल्या का? शुगरची घेतली, आबा म्हणाले. ती बीपीची घेतली की पाय सुजतात, म्हणून ठेवून दिलीय. मग तळहातावर तंबाखू मळली. "आन् शुगर काय करनार मला? सगळ्या जिल्ह्याला गोड चारतो, पर सवताच्या जिभंला कन लावत न्हाई. इचार काकाला." काकांनी मान हलवली. ही गोष्ट खरी होती. डॉक्टरनं शुगर सांगितली त्या दिवसापासून आबांनी गोड तोंडात घातलं नव्हतं. पाकाची चव दुसऱ्याला घ्यायला लावत आणि त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत. प्रज्ञाला त्या निग्रहाचा अभिमान होता. साखर हा एकच शत्रू आहे आणि आबांनी त्याला दाराबाहेर ठेवलंय, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती, आणि शत्रू एकटा येत नसतो हे कुणी सांगितलंही नव्हतं.

निघताना ती म्हणाली, पायाला मलम लावा, उद्या डॉक्टरकडं जाऊ. आबा म्हणाले, लग्न लागू दे. मग ती रस्त्यापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं. "झाकान नीट लाव डब्याचं. रस्सा सांडंल पिशवीत." ती बरं म्हणाली. हेच त्यांचं तिच्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं. अनेक पुस्तकं वाचलेल्या तिच्या मनाला त्या वाक्यात काही अर्थ सापडतो का हे तिनं पुढं चाचपून पाहिलं, आणि त्यात डब्याच्या झाकणाखेरीज काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भांडी टेम्पोत भरून मंडळी गावाकडं निघाली. नगर ओलांडायच्या आतच आबांना उलटी झाली. अमृतनं टेम्पो तसाच दवाखान्याकडं वळवला. प्रज्ञा पोचली तेव्हा फाटकाशी तो टेम्पो उभा होता; कढया, पराती, झारे एकमेकांवर कललेले, आणि त्यांच्यामध्ये आबांच्या बसण्याची रिकामी जागा. आत आबांना नळ्या लावल्या होत्या. डॉक्टर तरुण होती, भराभर विचारत होती. छातीत कधीपासून दुखतंय? आबा म्हणाले, दुखत न्हाई. हातात, जबड्यात, पाठीत? न्हाई. मग काय होतंय? आबांनी आधी डॉक्टरकडं, मग प्रज्ञाकडं पाहिलं. ते शरमल्यासारखे वाटले. "नुसतं घाबरल्यावानी व्हतंय," ते म्हणाले. घाबरणं हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या घरात तो शब्द इतरांसाठी राखून ठेवलेला होता.

दुपार व्हायच्या आत ते गेले. मधल्या वेळात डॉक्टरनं प्रज्ञाला आणि अमृतला बाहेर बोलावून एक गोष्ट सांगितली होती. हा पहिला झटका नाही. आधी एक येऊन गेलाय. हृदयाचा खालचा भाग जुनाच निकामी आहे, त्यावर वण आहे. प्रज्ञा म्हणाली, त्यांना कधी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाली, झालं होतं, कळलं नव्हतं. बरीच वर्षं शुगर असली की नसा बधिर होतात. पायाच्या होतात, हाताच्या होतात, तशा आतल्याही होतात. कळ उठते, पण पोचत नाही. मग तिनं बीपीचं विचारलं, तंबाखूचं विचारलं, रक्तातल्या चरबीची तपासणी कधी केली होती ते विचारलं, रात्रीच्या जागरणांचं विचारलं, आणि प्रत्येक उत्तरावर मान खाली घालून काहीतरी लिहिलं. नुसत्या साखरेनं एवढं होत नाही, ती म्हणाली, हे सगळे मिळून काम करतात. घरात आणखी कुणाला शुगर आहे?

"मी काठावर हाय," अमृत म्हणाला. "शिबिरात सांगितलं हुतं. लई दिवस झाले."

"नंतर तपासलं?"

"काठावर म्हंजी आत न्हाई ना, मॅडम."

"हृदयाचं बिघडायला काठावरूनच सुरुवात होते," डॉक्टर म्हणाली. "वडलांचं हे असं. तुम्ही या आठवड्यात तपासून घ्या." अमृतनं व्हय म्हटलं. मग आतून नर्सनं हाक मारली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

गावातल्या घरी पुढचे दिवस माणसांनी भरलेले गेले. माणसं येत, आईसमोर बसत, आणि तेच म्हणत. हाल झाले न्हाईत. कुनाला त्रास दिला न्हाई. आई, कलाबाई, पदर तोंडाला लावून सांगायची, कवा ऊं म्हनला न्हाई मानूस. तिच्या रडण्यातही एक ताठा होता. प्रज्ञा चहाचे कप गोळा करायची आणि मनात दिवस शोधत राहायची. तो दिवस कुठला? पहिला झटका आला तो. वण आहे म्हणजे जखम झाली होती, जखम झाली म्हणजे एक दिवस होता, आणि त्या दिवशी ऊन होतं किंवा नव्हतं, तिनं कुठले तरी कपडे घातले होते, काहीतरी खाल्लं होतं, कदाचित आबांना फोनही केला होता. वडील अर्धे गेले तो दिवस तिच्या आयुष्यातून साध्या दिवसाच्या वेषात निघून गेला होता. पुस्तकांतले बाप छातीवर हात ठेवून कोसळत, पाण्याचा ग्लास फुटे, कुणीतरी धावे. ती अशी पानं वाचताना थांबली होती, काही ठिकाणी रडलीही होती. आणि तिचा बाप उभ्या उभ्या कोसळून पुन्हा उभा राहिला तेव्हा कसलाच आवाज झाला नव्हता.

चौदा एप्रिलचा तो दिवस असेल का, जेव्हा सबंध वस्तीची बुंदी पाडताना आबा मध्येच उपड्या पातेल्यावर बसले? जरा उमासं आलं, म्हणाले होते, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर निळा फेटा बांधला, त्या फेट्याखाली चेहरा राखाडी दिसत होता की धुरामुळं तसा वाटला? की पाथर्डीच्या लग्नातला, जिथं पाक पहिल्यांदाच पुढं जाऊन कडक झाला आणि आबा कुणावर न ओरडता नुसते कढईकडं बघत राहिले? शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गुऱ्हाळापाशी गाडी थांबवली होती तो? सगळे रस पीत होते, आबा लिंबाखाली आडवे झाले, आणि अमृत म्हणाला, आबांना रसाचा मोह नको म्हणून डोळे मिटलेत. एकेक दिवस ती उजेडाकडं धरून बघायची. प्रत्येकात घाम होता, प्रत्येकात थकवा होता. ज्याचं सगळं आयुष्य भट्टीपुढं गेलं त्याच्या प्रत्येक दिवसावर आजाराची खूण दिसत होती, आणि म्हणून कुठल्याच दिवसावर ती ठरत नव्हती.

मग एका दुपारी, भांडी विसळताना, तिला जिना आठवला. कॉलेजात नवं वाचनालय झालं तेव्हा आबा ते बघायला आले होते. धुतलेला शर्ट, खिशाला पेन. दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं. पहिल्या वळणावर भिंतीला सूचनाफलक होता आणि आबा तिथं थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचू लागले. परीक्षेच्या तारखा, हरवलेलं ओळखपत्र, वसतिगृहाचे नियम. सगळं वाचलं. सातवीपर्यंत शिकलेला तिचा बाप भिंतीला हात टेकवून, ओठ हलवत, एकेक ओळ वाचत होता, आणि वरच्या पायरीवर उभी असलेली प्रज्ञा वाट बघत होती. ते दृश्य तिला फार सुंदर वाटलं होतं. येणारीजाणारी मुलं त्यांना वळसा घालून जात होती. "लई नियम हायती गं तुमच्यात," शेवटी ते म्हणाले, आणि कठड्याला धरून वर आले. वर कपाटांमधून फिरताना ते पुस्तकांवरून हात फिरवत होते. फिरवत होते, की धरून चालत होते? नळाचं पाणी तिच्या हातावरून वाहत राहिलं. गार होतं ते. गार आहे हे तिला कळत होतं. तिनं मुद्दाम हात तसाच धरून ठेवला, बोटं दुखायला लागेपर्यंत, आणि दुखायला लागल्यावर तिला बरं वाटलं.

त्या आठवड्यात अमृत तपासायला गेला नाही. जातो, म्हणाला. माणसं येत होती, लग्नांच्या सुपाऱ्या आबांच्या नावावर घेतलेल्या होत्या, लोक फोन करून विचारत होते, आता कसं? आणि तो सगळ्यांना सांगत होता, मी हाय. प्रज्ञानं दोनदा आठवण केली. दुसऱ्या वेळी तो हसून म्हणाला, "ताई, तू लई वाचती." ती गप्प बसली. गप्प बसणं तिला येत होतं. लहानपणापासून तिनं तेच नीट केलं होतं. अंगणात भट्टी धडधडायची, आबा तिच्या जवळून उकळतं तेल न्यायचे, आणि ती हलायची नाही म्हणून शेजारणी तिचं कौतुक करायच्या. पुढं लोक त्यालाच तिचा संयम म्हणू लागले.

जलदान विधीला विहारासमोर मांडव घातला. आबांचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, मग भाषणं सुरू झाली. आबांच्या जेवणाला दुसरा आचारी नको, असं अमृतनं आधीच सांगितलं होतं. मांडवामागं तो स्वतः भट्टीवर होता. माईकवर निवृत्त झालेले एक गुरुजी बोलत होते. भीमराज आबांना विस्तवानं कधी दुखवलं नाही, ते म्हणाले, आणि मरणानंही दुखवलं नाही. बायकांमधून हुंदके आले. प्रज्ञा पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवरचे हात तिला परक्या माणसाचे वाटत होते. ती उठली. लोकांना वाटलं, पाणी प्यायला चालली असेल.

मांडवामागं भट्टीभोवती माणसं उभी होती. पाक उकळत होता. अमृतनं पोटावरचा टॉवेल घट्ट केला, वाकला, आणि उजव्या हाताची दोन बोटं सरळ कढईत घातली. काढली. चिमटीत तार ताणली, तुटली. पुन्हा घातली. त्याचा चेहरा शांत होता, लक्ष सगळं तारेत. बोटं झटकली नाहीत, फुंकली नाहीत, पुसलीही नाहीत. आबा हे करू लागले तेव्हा ते आताच्या अमृतपेक्षा वयानं बरेच थोर होते, हे प्रज्ञाला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं.

"आला," रंभाजीकाका म्हणाले. "बापाचा हात आला रं पोराला. भीमराज कुठं गेला न्हाई." कुणीतरी मोबाईल वर धरला. कलाबाई मांडवाच्या कनातीतून मागं आली होती. तिनं लेकाकडं पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला.

"अमृत, हात दाखव," प्रज्ञा म्हणाली.

"पाक फुडं जाईल, ताई."

"जाऊ दे. हात दाखव."

तो हसत हात पुढं करून उभा राहिला, पोरीचा हट्ट पुरवावा तसा. बोटांची टोकं पांढुरकी झाली होती. जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, त्यांवर नव्या. तिनं त्याच्या तर्जनीच्या टोकात आपलं नख रुतवलं. तो कढईकडं बघत होता. तिनं आणखी रुतवलं, तिचंच नख दुखेपर्यंत.

"लागतंय?"

"काय?" अमृत म्हणाला.

"आगं, आचाऱ्याचा हात हाय त्यो," काका म्हणाले. "पुस्तकावानी मऊ आसंल व्हय?"

लोक हसले. ती हसली नाही. "काका, हा आचाऱ्याचा हात नाही. आजारी माणसाचा आहे. आबांचाही तसाच होता."

हसणं थांबलं. मोबाईल धरलेला हात खाली आला. कलाबाई पुढं आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पर्ज्ञे. आजच्या दिशी? त्याच्या जेवनाच्या दिशी?" इथं थांबायचं असतं हे प्रज्ञाला माहीत होतं. आईच्या डोळ्यांतला ताठा डळमळत होता. आता गप्प बसलं तर तो उभा राहील, लोक बुंदी खातील, आबा विस्तवाला न भिणारे म्हणून कायमचे राहतील, आणि अमृत पुढच्या सुपारीला जाईल.

"आबांना विस्तव लागत होता, आई. प्रत्येक वेळी लागत होता. त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता."

"ताई, लोकं जेवायला बसल्यात," अमृत म्हणाला. तो हात सोडवू पाहत होता, पण तिनं मनगट धरलं होतं, आणि तिच्या पकडीत त्याची नाडी उडत होती. पलीकडं गुरुजींचं भाषण संपलं होतं. माईक बंद झाल्यामुळं सगळ्या मांडवाला भट्टीचा आवाज ऐकू येत होता.

"मला भीती वाटते," प्रज्ञा म्हणाली. शब्द इतका मोठ्यानं बाहेर पडला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "मला भीती वाटते, अमृत. तुझ्यासाठी वाटते. मला लई भीती वाटते. जेवण काका वाढतील. तू आत्ता माझ्याबरोबर चल."